शेवटचं बटण त्याचं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला निरोप आला तेव्हा विषयही ठरवून दिला होता. 'माझी छत्तीस वर्षांची शिक्षकी'. मी हो म्हटलं. वहीत चार मुद्दे काढले, दोन गमतीचे प्रसंग लिहिले. परवा रात्री ते पान फाडून टाकलं. छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं, शेकडो मुलांचे हात पाटीवर धरून अ-आ-इ गिरवून घेतलं, पण मुलाचा हात लिहायला तयार कसा होतो हे मला कळलं ते निवृत्तीच्या तोंडावर. शिकवणारा होता माझा नातू. तो आता साडेपाच वर्षांचा आहे. आज मी त्याच्या बोटांबद्दल बोलणार आहे.

मुलाला आणि सुनेला विचारून बोलतेय. नाव मात्र सांगत नाही. मोठा झाला की त्याची गोष्ट त्यालाच सांगू दे.

तो जन्मला ऑगस्ट २०२० मध्ये. ते दिवस आठवा. दाराबाहेर पाऊल टाकायची चोरी. बारशाला पाच माणसं. आजूबाजूला त्याच्या वयाचं लेकरू नाही, त्यामुळे कोणाशी ताडून बघायचा प्रश्नच आला नाही. तो उशिरा बसला, उशिरा चालला. दीड वर्षाचा झाला तरी घास भरवून घ्यायचा. आम्ही म्हणायचो, शांत आहे बाई लेकरू, कशालाच हात लावत नाही. शेजारणी हेवा करायच्या. त्यांची पोरं डबे उपसायची, पीठ सांडायची, फोनची वायर ओढायची. आमचं एका जागी बसून राहायचं. त्या शांतपणाची काळजी वाटायला हवी होती, हे आम्हाला कोणालाच सुचलं नाही.

तीन वर्षांचा झाला तेव्हा सुनेने पहिल्यांदा विषय काढला. म्हणाली, "आई, याला खडू धरता येत नाही. जमिनीवर पडलेला मुरमुरा उचलायला तो सगळा पंजा फिरवतो." मी काय उत्तर दिलं माहीत आहे? "अगं, मुलगे उशिराच शिकतात. तुझा नवराही तसाच होता." हे मी म्हटलं. डी.एड. झालेल्या, बालमानसशास्त्राचा पेपर दिलेल्या बाईने. त्या एका वाक्याने आमचे पाच महिने गेले.

पुढे बोललं कोण, तर अंगणवाडीच्या ताई. त्या माझ्याच विद्यार्थिनी. दारात उभ्या राहून खूप संकोचून म्हणाल्या, "बाई, राग मानू नका, पण एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या ना. मण्यांचा डबा दिला तर तो मणी बघतो, पण धरत नाही. त्याला धरायचं असतं, पण धरता येत नाही." हा फरक मला दिसला नव्हता, तो त्यांना दिसला. त्याला धरायचं असतं.

मग तपासण्या. आधी कान, मग डोळे, कारण नीट दिसत किंवा ऐकू येत नसेल तर बाकी सगळे निष्कर्ष चुकतात. दोन्ही ठीक निघाले. मग बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की विकासात विलंब आहे. स्नायू जरा सैल आहेत, बोलणं मागे आहे, आणि हाताची बारीक कामं वयाच्या बरीच मागे आहेत. त्यांनी ऑक्युपेशनल थेरपी सांगितली. मराठीत त्याला व्यवसायोपचार म्हणतात. मी सुनेला म्हटलं, याचा कसला आलाय व्यवसाय? पण तो शब्द मला आता फार आवडतो. ज्याचा त्याचा व्यवसाय असतो. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणं, जेवणं, अंगात कपडे घालणं. ते त्याला जमावं म्हणून हे शास्त्र. आपल्या देशात याचं शिक्षण सुरू झालं ते १९५० मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, आणि ते सुरू केलं कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, लग्न करून महाराष्ट्राच्या झालेल्या. त्यांचं नाव मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं.

थेरपिस्ट मॅडम छत्रपती संभाजीनगरला. इथून सकाळच्या एसटीने निघायचं आणि रात्री परतायचं. आठवड्यातून दोनदा जाणं कोणाला परवडणार? मी पहिल्याच भेटीत हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "महिन्यातून एकदा या. मी तुम्हाला शिकवते, तुम्ही त्याला शिकवा. माझ्याकडे तो तासभर असेल. तुमच्याकडे दिवसभर असतो."

मी वही-पेन काढून बसले. मला वाटलं, आता बोटांचे व्यायाम सांगतील. त्यांनी विचारलं, "हा जेवायला कशावर बसतो?" मी म्हटलं, सोफ्यावर. "पाय कुठे असतात?" "लोंबकळत." "मग इथून सुरू करू."

मंडळी, हे मला छत्तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. बोटं कामाला लागतात ती मनगट स्थिर असेल तर. मनगट स्थिर राहतं ते खांदा धरून ठेवत असेल तर. आणि खांद्याला आधार पाठीचा. ज्या मुलाची पाठ सैल आहे, ते मूल लोंबकळत्या पायांनी बसलं की त्याची सगळी शक्ती पडू नये यातच जाते. बोटांसाठी काही उरत नाही. तुम्ही बसच्या दांड्याला लटकून चालत्या गाडीत सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे कळेल.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी जुन्या पाटाचे तुकडे जोडून एक छोटा बाक केला. गुडघे काटकोनात, पाय पूर्ण टेकलेले, समोर कोपरांच्या उंचीला चौरंग. फक्त एवढ्यानेच चमचा तोंडापर्यंत सरळ जायला लागला. मी थक्क झाले. माझ्या वर्गातल्या बाकांची आठवण आली. पहिलीची किती लेकरं त्या उंच बाकांवर पाय हलवत बसायची, आणि मी ओरडायची, "पाय हलवू नका, नीट बसा."

दुसरी गोष्ट, मोठ्या हालचाली. बोटांच्या आधी खांदे. चार पायांवर रांगत मांजर व्हायचं, भिंत ढकलायची, पाण्याची छोटी बादली दोन्ही हातांनी झाडापर्यंत न्यायची. अंगणातल्या भिंतीवर पाण्यात बुडवलेल्या जुन्या रंगाच्या ब्रशने 'रंग' द्यायचा. उन्हात भिंत वाळते, पुन्हा रंगवायची. खर्च शून्य. उभ्या भिंतीवर काम केलं की मनगट आपोआप मागे वळतं, आणि पेन्सिल धरायला मनगट तसंच लागतं. पुढे त्याच भिंतीवर काळा रंग मारून फळा केला आणि खडू दिले. अख्खे खडू दिले नाहीत. मॅडमनी सांगितलं होतं, खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. मोठा खडू मूल मुठीत धरतं. तुकडा मुठीत मावतच नाही, अंगठा आणि दोन बोटांनीच धरावा लागतो. वर्गातले जे तुकडे आपण कचऱ्यात टाकायचो, ते कामाचे निघाले.

खेळण्यांची यादी मागितली तर मॅडम हसल्या. म्हणाल्या, "बाजारात जाऊ नका, स्वयंपाकघरात जा." आता स्वयंपाकघर म्हणजे माझी आई. ती ब्याऐंशीची आहे, माझ्याकडेच असते. दुपारी ती निवडणं, सोलणं, वळणं असलं काही ना काही घेऊन बसते. नातू तिच्याशेजारी बसायला लागला. कणकेचा छोटा गोळा दिला की तो दाबायचा, चिमटे काढायचा, लांब साप करायचा. सैल स्नायूंना असा विरोध करणारी वस्तू लागते. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवायला काहीच जोर लागत नाही, म्हणून त्यातून हाताला काही मिळत नाही. पुढे हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या. शेंग सोलायला दोन्ही हात लागतात, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने उघडायचं. दोन हातांनी दोन वेगळी कामं एकाच वेळी करणं त्याला सगळ्यात अवघड जायचं. पहिल्या दिवशी आईने शेंगेचं टोक फोडून दिलं, त्याने फक्त उघडली. आत चार हिरवे दाणे. तो इतका हसला की आम्ही तिघी कामं सोडून बघत बसलो.

मग वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे. दाबायचे आणि ताटलीच्या कडेला लावायचे. लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करायच्या. चमच्याने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ज्वारी ओतायची. पोळ्याच्या आधी चिकणमाती आणली आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी बैल केला. बैल कसला, एक गोळा आणि त्याला चार बोटं. पण त्या बैलाला त्याने स्वतः शिंगं लावली होती, आणि ती दोन्ही एकाच बाजूला होती. तो बैल आमच्या कपाटात अजून आहे.

इथे एक सावधगिरी. दाणे, मणी, चिंचोके लेकराच्या समोर ठेवून उठून जायचं नाही. तोंडात वस्तू घालायची सवय असलेल्या मुलाला तर लहान वस्तू द्यायच्याच नाहीत. घशात अडकते, नाकात जाते, कानात जाते. आम्ही सुरुवात बुचांनी आणि मोठ्या लाकडी मण्यांनी केली. तुरीचे दाणे आले ते वस्तू तोंडात घालणं थांबल्यावर, आणि तेव्हाही कोणीतरी शेजारी बसलेलं. आणखी एक, बोटं 'मोकळी' करायची म्हणून हात ओढणं, दाबून मालिश करणं, असले प्रकार कोणी सुचवले तर करू नका. आम्हालाही सुचवणारे भेटले.

आणि उजव्या-डाव्याचं. आमचा नातू डावखुरा. घास डाव्या हाताने घेतला की घरातलं कोणीतरी तो उजव्या हातात द्यायचं. मीही दिला आहे. मॅडमनी विचारलं, "एक हात जेमतेम शिकतोय, त्याच्याकडून काम काढून दुसऱ्याला कशाला देता?" त्या दिवसापासून तो विषय घरात बंद झाला. माझ्या आईने देवाच्या नैवेद्यापुरती सवलत मागून घेतली, ती आम्ही दिली.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. ती बटणाची आहे.

मॅडमनी एका महिन्याला सांगितलं, आता शर्टाची बटणं. मी उत्साहाने सुरू केलं. पहिलं बटण, वरचं. त्याच्या बोटांत दिलं, काजात घालायला लावलं. होईना. पुन्हा. होईना. त्याने शर्ट ओढला, रडला, मी ओरडले. अंगणवाडीची वेळ झाली आणि मी सहाच्या सहा बटणं खटाखट लावून त्याला बाहेर काढलं. हे रोज. आठव्या दिवशी शर्ट दिसला की तो पळून जायला लागला.

माझी आई हे सगळं दारातून बघत होती. ती शाळेची पायरी चढलेली नाही. ती म्हणाली, "अवं, त्याले शेवटचं करू दे ना. साराच डोंगर काहून चढवून राह्यली लेकराले?"

मी पुढच्या भेटीत मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुमच्या आईने माझी पद्धत सांगितली." याला शास्त्रात नाव आहे. काम मागून शिकवायचं. पाच बटणं आपण लावायची. सहावं अर्धं काजात सरकवायचं. फक्त ते बाहेर ओढायचं काम त्याचं. ओढलं, झालं, शर्ट घालून तयार! काम संपल्याचा आनंद त्याचा. चार-आठ दिवसांनी सहावं पूर्ण त्याचं. मग पाचवं आणि सहावं त्याचं. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल पहिल्याच पायरीवर हरतं आणि बाकीचं काम आपण संपवतो. म्हणजे हरणं त्याच्याकडे आणि संपवणं आपल्याकडे. शेवटापासून शिकवलं तर दर वेळी काम तोच संपवतो.

आम्ही घरातल्या सगळ्या कामांना हेच लावलं. चड्डी गुडघ्यांपर्यंत आम्ही चढवायची, वर ओढायची त्याने. डब्याचं झाकण आम्ही सैल करायचं, काढायचं त्याने. भाकरीचा तुकडा आम्ही मोडायचा, वरणात बुडवून तोंडात न्यायचा त्याने. हळूहळू आमचा वाटा कमी करत न्यायचा. हात धरून करून घेण्यापेक्षा आपला हात त्याच्या हाताखाली ठेवायचा, म्हणजे वरचा हात त्याचा राहतो आणि त्याला वाटेल तेव्हा सुटतो.

ऐकायला सोपं आहे. करायला का अवघड आहे सांगू? कारण आपल्याला घाई असते. त्या मुलावर आपलं प्रेम असतं आणि बस पकडायची असते. दोन्ही मिळून आपण त्याच्या हातातलं काम काढून घेतो. सुदृढ मूल आपल्या हातून काम हिसकावून घेतं, 'मी करणार' म्हणून आदळआपट करतं, त्यामुळे ते शिकतंच. विलंब असलेलं मूल हिसकावत नाही. ते वाट बघतं. म्हणून ज्याला सरावाची जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी सराव मिळतो. आमच्या घरात नेमकं तेच चाललं होतं, आणि आम्ही त्याला लाड म्हणत होतो.

आता मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे. समोर आपले गुरुजी बसले आहेत, त्यांच्यासमोरच द्यायला हवी.

नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. पहिलीत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पाटीवरची पेन्सिल मुठीत धरायचा, दाबून मोडायचा. पिशवीची गाठ सुटायची नाही, चड्डीची नाडी बांधता यायची नाही. मी त्याला आळशी म्हणायची. बोटांवर पट्टी मारली आहे मी त्याच्या. एकदा नाही. दुसऱ्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याच्या वडिलांनी सांगितलं, "बाई, त्याच्या डोक्यात काही राहत नाही, ढोरं राखतो आता." मी पटसंख्येतून त्याचं नाव कमी केलं.

नातवाचा हात हातात घेऊन बसले की मला तो मुलगा दिसतो. त्याचं डोकं ठीक होतं. गोष्ट सांगितली की शेवट आधी तोच ओळखायचा. त्याचा हात मागे होता. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतःच्या वेळी ती कूर्चेचीच असतात, आणि सगळ्यांचं हाड व्हायला दहा-बारा वर्षांचं वय होतं. म्हणजे कोणत्याही सहा वर्षांच्या मुलाचं मनगट अजून तयार होत असतं, आणि ज्याला विलंब आहे त्याला तर किती कष्ट पडत असतील. मी त्या कष्टावर पट्टी मारली. याची भरपाई नाही. तो कुठे आहे हे मी शोधलं, सापडला नाही. म्हणून आज तुम्हाला सांगते आहे.

वाईट याचं वाटतं की शिकायला जागा होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर आम्हाला डी.एड.ला प्रश्न यायचा. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेलं. शिंपले, खडे, बिया, पानं हीच त्यांची शैक्षणिक साधनं होती. मी ते पाच गुणांसाठी पाठ केलं. माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर चिंचेचं झाड होतं आणि त्याखाली चिंचोक्यांचा सडा पडायचा. मी मुलांना ते वेचू दिले नाहीत, का तर कचरा होतो.

आता थोडं कामाचं बोलते. आपल्यापैकी बहुतेक जण आजी-आजोबा झालोत किंवा होऊ घातलोत. मूल साधारण वर्षाचं होताना अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत दाणा धरतं. दीड वर्षाच्या आसपास रेघोट्या ओढतं. तिसऱ्या वर्षी गोल काढायला लागतं, चौथ्याला अधिकचं चिन्ह, पाचव्याच्या सुमाराला चौकोन. यात दोन-चार महिने इकडेतिकडे होतात, त्याने घाबरायचं नाही. पण काही खुणा दिसल्या तर वाट बघायची नाही. दीड वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरतंय आणि दुसऱ्याची मूठ सतत मिटलेली आहे, हे लाडाने 'डावखुरा दिसतोय' म्हणून सोडायचं नाही, कारण दुसरी बाजू कमजोर असू शकते. अंग फार ताठ किंवा फार सैल वाटतंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी येत असलेली गोष्ट यायची बंद झाली. अशा वेळी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं.

कुठे जायचं? पहिला दरवाजा अंगणवाडीचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी असते. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि विकासातला विलंब हा त्यांच्या तपासणीच्या चार मुख्य भागांपैकी एक आहे. पुढची सोय जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात करायची असते. पथक येतं त्या दिवशी आपलं लेकरू अंगणवाडीत पाहिजे. आमचं त्या दिवशी घरी होतं, कारण 'त्याला काय झालंय' असं वाटायचं. २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीचा प्रोटोकॉलही केंद्र सरकारने काढला. कागदावर बरंच आहे. ते आपल्या गावापर्यंत यायचं तर मागणारं कोणीतरी लागतं. या सभागृहात सरपंच आहेत, डॉक्टर आहेत, पंचायत समितीत काम केलेले आहेत. अंगणवाडीत मुलांचे पाय टेकतील असे बाक आहेत का, एवढं जरी तुम्ही येत्या आठवड्यात जाऊन बघितलं तरी माझं भाषण वसूल झालं.

आता नातू कसा आहे? सगळं ठीक झालं असं सांगितलं तर टाळ्या पडतील, पण ते खरं होणार नाही. तो साडेपाच वर्षांचा आहे. गोल काढतो. अधिकचं चिन्ह काढताना दुसरी रेघ कुठेतरी निसटते. कात्रीने कागदाच्या कडेला दोन टक् टक् करतो, सरळ कापता येत नाही. चमच्याने पूर्ण जेवतो, भाताचा सडा पडतो. बोलतो थोडकं, पण बोलतो. पुढे काय जमेल आणि किती, हे मॅडम सांगत नाहीत आणि मी विचारायचं सोडलं आहे. पहिलीच्या वर्गात त्याचे शिक्षक कोण असतील, याची मात्र मला काळजी वाटते. ते माझ्यासारखे नसावेत. म्हणजे, मी तेव्हा जशी होते तशा मला नको आहेत.

सहापैकी खालची चार बटणं आता त्याची आहेत. त्याला वेळ लागतो. मी घड्याळ लावून बघितलं, सात मिनिटं. म्हणून घरातले आम्ही सगळे पाव तास लवकर उठतो. एवढाच बदल केला. घरात सून चहा ठेवते, मुलगा गाडी पुसतो, माझी आई जपमाळ ओढते, आणि तो बाकावर पाय टेकून, जीभ बाहेर काढून, बटणाशी झगडत असतो. कोणी मध्ये बोलायचं नाही असा नियम आहे. तो मी केला आणि मीच सगळ्यात जास्त वेळा मोडते.

वरची दोन बटणं राहिली आहेत. ती हनुवटीखाली असतात, त्याला दिसत नाहीत. ती केवळ बोटांनी ओळखून लावावी लागतात. मॅडम म्हणाल्या, या उन्हाळ्यात बघू.

तुमच्या घरात असं लेकरू असेल तर मला रात्री जेवताना भेटा. लाजू नका. आम्ही पाच महिने लाजलो, ते पुरे.